निवटीचं पुस्तक आणि रत्नागिरीतला छापखाना

आधी निकाल सांगते, मग बाकीचं. छापखाना चांगला आहे, पाचपैकी चार तारे. पाचवा का कापला ते खाली येईलच. नाव देत नाही, कारण मालकांनीच तशी विनंती केली. मोजक्या माणसांवर चालणारा छापखाना आहे, आणि लग्नसराईत व गणपतीच्या आधी त्यांच्याकडे पाय ठेवायला जागा नसते. रत्नागिरीच्या बाजारपेठेत पत्रिका आणि आरतीसंग्रह छापणारे आहेत, त्यांतलेच हे एक. ज्याला खरंच लहान मुलांचं चित्रांचं पुस्तक हौस म्हणून छापायचंय, त्याने कुठल्याही छापखान्यात काय बघावं आणि काय विचारावं हे कळावं म्हणून एवढं लिहितेय.

मी रत्नागिरीजवळ भाट्याला राहते आणि आंबा कॅनिंगच्या एका कारखान्यात हिशेब बघते. एप्रिल-मे म्हणजे आमच्याकडे जेवायलाही वेळ नसतो. पाऊस लागला की संध्याकाळ मोकळी, आणि त्या वेळात मी जलरंगांत खाडी काढत बसते. त्यातूनच हे पुस्तक झालं. विकून पैसे करावेत असं मनात नव्हतं आणि नाही. वाडीतल्या मुलांच्या हातात त्यांच्याच खाडीतलं पुस्तक पडावं, एवढी इच्छा.

पुस्तक निवटीचं आहे, म्हणजे खाडीच्या चिखलात राहणाऱ्या छोट्या माशाचं. आपल्याकडे निवटी म्हटलं की ताटच आठवतं. ओहोटीच्या वेळी कांदळवनाच्या कडेला शांत उभं राहून ती बघितलेली मुलं फार थोडी. पाणी उतरलं की ती बिळातून वर येते, पुढच्या परांवर जोर देत चिखलावरून सरपटते, आणि डोकं डावी-उजवीकडे फिरवत चिखलावरचं बारीक शेवाळ खरवडून खाते. कल्ल्यांच्या पोकळीत पाणी धरून ठेवते आणि ओल्या कातडीतून, तोंडाच्या आतल्या अस्तरातून हवा घेते. डोळे थेट डोक्यावर. ते सुकायला लागले की खोबणीत आत ओढून घेते आणि ओले करून परत बाहेर काढते, म्हणजे मासा असून डोळे मिचकावते! शेपटीच्या फटक्यावर उडी मारते तेव्हा पाठीवरचा पर उभा राहतो, आणि अंगावरचे निळे ठिपके उन्हात चमकतात. हे ठिपके लक्षात ठेवा, छपाईची खरी परीक्षा त्यांचीच होती.

छापखान्यात गेल्यावर मालकांनी, त्यांना सगळे दादाच म्हणतात, चित्रं बघायच्या आधी पुस्तकाचा आकार विचारला. माझ्या डोक्यात साडेआठ इंच बाय साडेआठ इंच असं चौकोनी पुस्तक होतं. त्यांनी मशीनचा एक कोरा कागद टेबलावर पसरला. त्यांच्या डिजिटल मशीनला १३ बाय १९ इंचाचा कागद लागतो. चौकोनी पुस्तकाची समोरासमोरची दोन पानं धरली की १७ इंच रुंदी होते, म्हणजे कागदाच्या एका बाजूला एकच जोडी बसते आणि खालची पट्टी वाया. तेच आडवं ए-५ घेतलं, म्हणजे २१ सेंटिमीटर रुंद आणि जेमतेम १५ उंच, तर त्याच कागदावर एकाखाली एक अशा दोन जोड्या बसतात. माझं पुस्तक २४ पानांचं. चौकोनी केलं तर प्रतीला सहा कागद, आडवं केलं तर तीन. आतल्या पानांच्या छपाईचा खर्च सरळ अर्धा. आडवं ए-४ हवं असेल तर मधे दुमडून बांधायचा विषयच नाही, कारण उघडलेली जोडी जवळजवळ ६० सेंटिमीटरची होते आणि ती या मशीनमध्ये जातच नाही.

पुस्तक काढायला बसण्याआधी हे कळायला हवं, म्हणून इतकं सविस्तर लिहिलं. आधी छापखान्यात जा, कागदाचं माप घ्या, मग चित्रं काढा. पानांची संख्याही चारच्या पटीतच धरा. मधे दुमडून बांधलेल्या पुस्तकात एक कागद दुमडला की चार पानं होतात. १६, २०, २४, २८ असंच चालतं. बावीस पानांची गोष्ट असेल तर दोन पानं कुठे घालायची ते आधीच ठरवावं. मी पहिल्या पानावर कांदळवनाची श्वसनमुळं काढली, नुसती मुळं, चिखलातून वर आलेली, आणि शेवटच्या पानावर भरतीचं पाणी.

आडवा आकार खाडीला शोभतोही. क्षितिज लांबवर जातं आणि निवटीला सरपटायला जागा मिळते.

आता दर. आतली पानं १७० जीएसएम (चौरस मीटरला इतके ग्रॅम, म्हणजे कागदाची जाडी) आर्ट पेपर, मुखपृष्ठ ३००चं, वर लॅमिनेशन, हाताची बांधणी. १०० प्रती घेतल्या तेव्हा प्रत सव्वाशे रुपयांच्या आसपास पडली. महाग वाटेल, पण रंगीत पुस्तक कमी प्रतींत छापायचं तर एवढं होतंच. दादांनी ऑफसेटचा, म्हणजे प्लेटा करून छापायच्या पद्धतीचा, हिशेबही मांडून दाखवला. ऑफसेटला चार रंगांच्या चार प्लेटा, त्याही प्रत्येक फर्म्याला (एकदम छापल्या जाणाऱ्या पानांच्या गटाला) वेगळ्या, आणि रंग जुळेपर्यंत सुरुवातीचे कागद वाया जाणार. प्लेटांचा खर्च शंभर प्रतींवर वाटला तर प्रत्येक प्रत दुखते, पाचशे-हजारांवर वाटला की हलका होतो. स्वतःच्या तोंडाने त्यांनी सांगितलं, "ताई, पाचशेच्या खाली ऑफसेटच्या नादाला लागू नका." जास्त प्रतींचं बिल त्यांच्याच पदरात पडलं असतं, तरी त्यांनी मोठं काम माझ्या गळ्यात मारलं नाही. पहिला तारा त्याचा.

घरबसल्या पीडीएफ पाठवून छापून देणाऱ्या ऑनलाइन सेवेचा विचार मी केला होता. अशाच एका ठिकाणाहून नमुना प्रत मागवलीही. कादंबरी असती तर मी तिकडेच गेले असते. अक्षर स्वच्छ, बांधणी घट्ट, दर बरा. पण चित्रांना लागतो तसा जाड कागद त्यांच्या यादीत नव्हता, आणि पुस्तक पाठीला डिंक लावून बांधलेलं होतं. डिंकाची पाठ असली की पान सपाट उघडत नाही, जोडीच्या मधलं बोटभर चित्र घडीत जातं. माझी निवटी एका पानावरून उडी मारते आणि दुसऱ्या पानावर पडते, ती नेमकी त्या घडीत गडप झाली. रंगाबद्दल विचारायला तिकडे माणूस नव्हता, एक फॉर्म होता. ज्यांना चार गावांत, चार शहरांत प्रती पाठवायच्यात आणि साठा घरी ठेवायचा नाही, त्यांच्यासाठी ती सोय मोठीच आहे. चित्रांच्या पहिल्या पुस्तकाला मात्र मशीनजवळ उभं राहता आलं पाहिजे, असं माझं स्पष्ट मत झालंय. ते का, ते रंगांकडे आलं की कळेल.

चित्रं मी लांब पट्टीवर काढली होती, पूर्ण जोडी एकाच कागदावर. छापखान्याचा स्कॅनर ए-४चा, त्यामुळे प्रत्येक चित्र दोन भागांत स्कॅन करून जोडावं लागलं. हे काम तिथला मुलगा करतो, वीस-बावीसचा असेल. त्याने ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन केलं आणि आभाळातला सांधा असा मिळवला की कुठे आहे ते मला माहीत असूनही सापडत नाही. जलरंगाच्या कागदाचा खरखरीतपणा स्कॅनमध्ये करड्या ठिपक्यांसारखा उठतो. कोऱ्या भागातला तो त्याने काढून टाकला आणि चिखलात मुद्दाम ठेवला. मी सांगितलं नव्हतं, त्याचं त्याला सुचलं.

चिखलाच्या रंगाने सगळ्यांचा घाम काढला. आमच्या खाडीचा चिखल तपकिरी म्हणावा तर करडा, करडा म्हणावा तर त्यात हिरवट छटा, आणि ओला असताना वर आभाळाचा उजेड. मी तो बर्न्ट अंबर आणि पेन्स ग्रे मिसळून केला होता. पडद्यावर छान दिसला. छापलेला पहिला कागद बाहेर आला तेव्हा चिखल गुलाबीकडे झुकलेला, जांभ्या दगडाची धूळ पसरल्यासारखा. दादांनी कागद उचलला आणि म्हणाले, "इथे बघू नका, दारात या." ट्यूबलाइटच्या उजेडात रंग वेगळा दिसतो, दिवसाच्या उजेडात वेगळा. दारात, पागोळ्या गळत होत्या त्याच्या आत उभं राहून त्यांनी एका हातात माझं मूळ चित्र धरलं, दुसऱ्या हातात छापलेला कागद, आणि बराच वेळ नुसतं बघत राहिले. मग आतल्या मुलाला हाक मारून सांगितलं, सावलीतला किरमिजी कमी कर, काळा थोडा वाढव, पिवळ्याला हात लावू नको. पुढचा कागद, परत दारात. असं करत करत चिखल खाडीचा झाला. कोपऱ्यात जरा हिरवट आला तो मीच राहू दिला, कारण ओहोटीला शेवाळ धरतं तेव्हा तसाच दिसतो.

मग निळे ठिपके. चित्रातला निळा हिरव्याकडे झुकणारा, लखलखीत. छापल्यावर तो विझला. इथे दादा जे बोलले ते मला फार आवडलं. "ताई, हा निळा माझ्या मशीनमध्ये नाही. चार रंगांतून तो निघत नाही. कोणी निघतो म्हणाला तर विश्वास ठेवू नका." पडद्यावरचा रंग उजेडाचा असतो, कागदावरचा शाईचा, आणि काही झगमगीत निळे, हिरवे, केशरी शाईत बसतच नाहीत. सुरंगीचा पिवळा येतो, रातांब्याचा जांभळट लाल जरा मळतो, आणि हा निळा तर अजिबात येत नाही. मग उपाय? निळा तसाच ठेवून त्याच्या भोवतीचं निवटीचं अंग त्यांनी थोडं गडद करवून घेतलं. ठिपका तोच, पण आता उठून दिसतो. मूळ चित्र शेजारी नसेल तर कोणाला फरक सांगता येणार नाही. हे सगळं त्यांनी नमुन्याच्या कागदांचे किरकोळ पैसे घेऊन केलं. दुसरा आणि तिसरा तारा एकदमच.

पानांच्या रचनेबद्दलही तिथेच शिकले. दुमडून बांधलेल्या २४ पानी पुस्तकात फक्त मधली जोडी, म्हणजे १२ आणि १३ नंबरची पानं, एकाच सलग कागदावर असते. बाकी प्रत्येक जोडीतलं डावं पान एका कागदावर आणि उजवं दुसऱ्या. बांधताना त्यात केसभर फरक पडतोच. म्हणून निवटीचा डोळा, होडीची डोलकाठी, माणसाचा चेहरा असलं काही सांध्यावर येऊ द्यायचं नाही. पाणी, आभाळ, चिखल आला तर चालतो. माझं सगळ्यात मोठं चित्र, भरतीची पहिली लाट बिळाशी येते ते, दादांनी गोष्टीचा क्रम न मोडता मधल्या जोडीवर आणून दिलं; त्यासाठी आधीची दोन छोटी चित्रं एका पानावर घेतली. कापणीसाठी चित्र चारी बाजूंनी ३ मिलिमीटर जास्त लागतं आणि अक्षरं कडेपासून निदान एक सेंटिमीटर आत हवीत. हे नियम कुठेही वाचायला मिळतील, पण आपल्याच चित्रावर पट्टी ठेवून कोणी दाखवलं की पक्के बसतात.

आता बांधणी. या छापखान्याची शिफारस मी सगळ्यात जास्त कशासाठी करत असेन तर बांधणीसाठी. आपल्या घरातला कुठलाही जुना आरतीसंग्रह उघडून बघा. मधल्या दोन पिना गंजलेल्या असतात आणि त्यांच्याभोवती तपकिरी डाग कागदात उतरलेला असतो. समुद्राची खारी हवा आणि चार महिन्यांचा दमट पाऊस यांत साधी लोखंडी पिन फार टिकत नाही. गंजली की कागद तिथेच कुजतो आणि मधलं पान सुटतं. मोठ्यांच्या पुस्तकाला एक वेळ चालेल. मुलांच्या हातात गंजलेली पिन नको.

दादांकडे एक मावशी येतात. पूर्वी त्या कार्यालयांच्या नोंदवह्या बांधायच्या. त्यांनी पिनेऐवजी दोऱ्याची शिलाई सुचवली. मी त्यांच्या शेजारी बसून बघितली. सहा घड्या आणि वर मुखपृष्ठ असा गठ्ठा त्या पुस्तक उघडं ठेवून मांडीवरच्या फळीवर घेतात, पाठीच्या रेषेवर टोच्याने पाच भोकं पाडतात. सुती दोरा मेणाच्या वडीवरून दोनदा ओढतात, म्हणजे तो फुगत नाही आणि सरकतही नाही. मधल्या भोकातून आतून बाहेर, मग एका टोकापर्यंत वर-खाली, परत फिरून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि शेवटी पुन्हा मधल्या भोकातून आत. दोन्ही टोकं मधल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना घेऊन गाठ मारतात, कापतात. एका पुस्तकाला चहा निवायलाही वेळ लागत नाही. दोरा कुठल्या रंगाचा, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी चित्राकडे बघून करडा म्हटलं. १२-१३ पानांवर तो टाका बरोबर पाण्याच्या रेषेत येतो आणि लाटेतच मिसळून जातो. प्रतीमागे दहा-बारा रुपये जास्त गेले. मला ते स्वस्त वाटतात. चौथा तारा मावशींचा.

मुखपृष्ठाबाबत दोन गोष्टी. जाड कागदावर गडद रंग छापून तसाच दुमडला तर पाठीवर शाई तडकते आणि पांढरी रेघ दिसते. म्हणून आधी क्रीझ मारून, म्हणजे घडीची रेघ दाबून, मगच दुमडायला सांगा. इथे ते न सांगता करतात. लॅमिनेशन मॅट घ्यावं की चकचकीत, यावर दादांचं आणि माझं जमलं नाही. मॅट दिसायला सुंदर, पण गडद मुखपृष्ठावर नखांचे ओरखडे उठतात. आम्ही दोन्ही नमुने शेजारच्या मुलाच्या हातात दिले, तो फणसपोळी खात होता. चकचकीत कव्हर ओल्या फडक्याने पुसून निघालं, मॅटवर बोटांचे तेलकट ठसे राहिले. प्रश्न तिथेच मिटला. कोपरेही गोल करून घेतले. व्हिजिटिंग कार्डांचे कोपरे कापायचं त्यांचं छोटं यंत्र आहे, त्यावर पटापट होतात. टोकदार कोपरे आधी वाकतात आणि मग फाटतात.

पावसाळ्यात कागद दमट होतो आणि लाटा धरतो, ही आपल्याकडची मोठी अडचण. त्यांनी कागदाचं कपाट वेगळं ठेवलंय, आत पिवळा दिवा सतत चालू. घरात साड्यांच्या कपाटात बुरशी येऊ नये म्हणून आपण लावतो तसाच. रीम छापायच्या वेळीच फोडतात. माझ्या प्रती ऐन जुलैत छापल्या, तरी पानं सपाट आहेत.

आता तक्रारी, कारण त्या आहेतच.

सगळ्यात मोठी तक्रार मराठी अक्षरजुळणीची. तिथला संगणक अजून जुन्या पद्धतीच्या फाँटवर चालतो. मी युनिकोडमध्ये दिलेला मजकूर त्यांनी त्यात बदलून घेतला आणि 'किनाऱ्यावर'चं 'किनार्यावर' झालं, 'वाऱ्याने'चं 'वार्याने'. लहान मुलं याच पुस्तकावरून अक्षर ओळखणार, तिथे हे खपवून कसं घ्यायचं? शिवाय त्यांच्या फाँटमधले 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे. आपल्या मुलांना शाळेत पाकळीचा ल आणि देठाचा श शिकवतात, पुस्तकात दुसरंच दिसलं की सहा वर्षांचं मूल अडखळतं. मी निक्षून सांगितलं आणि अक्षरजुळणी घरी स्वतः करून आणली. राज्य मराठी विकास संस्थेने मोफत दिलेला यशोमुद्रा टंक वापरला, त्यात दोन्ही अक्षरं मराठी वळणाची आहेत, आणि फाँट आत घालून पीडीएफ दिली. मग एक काना इकडचा तिकडे झाला नाही. तुम्हीही मजकूर छापखान्यात टाइप करायला देऊ नका. तयार पीडीएफ द्या आणि छापलेला नमुना जोडाक्षर न् जोडाक्षर मोठ्याने वाचा. दादांनी ऐकून घेतलं, वादही घातला नाही, पण ती व्यवस्था बदलायचं मनावर घेतील असं दिसलं नाही. पाचवा तारा इथे गेला.

बाकीच्या तक्रारी लहान. लेखी अंदाजपत्रक मिळत नाही. मी चलनाच्या मागे कागद, प्रती, लॅमिनेशन, बांधणी असं एकेक लिहून घेतलं आणि खाली त्यांची सही घेतली. तुम्हीही घ्या, ते हसतात पण करतात. दिलेली तारीख पाळली गेली नाही. काही दिवस वीज जात होती, हे खरं, पण फोन करून सांगता आलं असतं. गठ्ठे वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळीने करकचून बांधले होते, त्यामुळे खालच्या काही प्रतींच्या कडांवर सुतळीचा वळ उमटला. त्या बदलून मिळाल्या, पण भर पावसात पुस्तकं नेणाऱ्याला प्लास्टिकचं वेष्टण मागावं लागू नये. आणि जाड पुठ्ठ्याची पानं असलेलं पुस्तक, अगदी दोन वर्षांच्या बाळांसाठी असतं तसं, इथे होत नाही. ते मुंबई-पुण्यात विचारा.

कागदपत्रांबद्दल बरेच जण विचारतात, म्हणून थोडक्यात. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख-नंबर, भारतात मोफत मिळतो. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्थेच्या संकेतस्थळावर लेखक स्वतःच प्रकाशक म्हणून अर्ज करू शकतो, त्यासाठी कुठल्या दलालाला पैसे द्यायची गरज नाही. नुसतं वाडीत वाटायचं असेल तर नंबर नसला तरी अडत नाही. ग्रंथालयात किंवा दुकानात ठेवायचं मनात असेल तर घ्यावा. १९५४च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि चेन्नई, मुंबई व दिल्ली इथल्या एकेका ग्रंथालयाला स्वखर्चाने, ३० दिवसांत पाठवायची असते. म्हणजे चार प्रती आधीच बाजूला काढा. माझी निवटी कोलकात्याला जाऊन बसली याचा मला खरोखर आनंद आहे.

पोस्टाचा हिशेब त्याहून सुखाचा. १ मे २०२५पासून पुस्तकांसाठी 'ज्ञान पोस्ट' सुरू झालंय, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपयांपासून, वर कर. पुस्तकावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव छापलेलं असणं ही त्याची अट. दादांनी मलपृष्ठाच्या आत मुद्रकाची ओळ आठवणीने घातली होती, ते इथे उपयोगी पडलं. माझी एक प्रत ८५ ग्रॅमच्या आसपास भरते, त्यामुळे तीन प्रती एका पाकिटात सहज जातात. मुंबईतल्या भाचरांना, पुण्याच्या मैत्रिणीच्या नातवाला असंच पाठवलं. जमिनीवरून जातं म्हणून वेळ लागतो, घाईचं काम असेल तर स्पीड पोस्ट बरं.

जायचं कधी, हेही महत्त्वाचं. फेब्रुवारी ते मे लग्नपत्रिका. गणपतीच्या आधीचा महिना मंडळांची पत्रकं, आरतीसंग्रह, जाखडी नाचाचे फलक. या दोन्ही काळात रंगीत पुस्तकाकडे निवांत बघायला कोणाला सवड नसते, आणि दारात उभं राहून चिखलाचा रंग जुळवणं तर दूरच. जूनचा शेवट ते जुलैचा मध्य हा सगळ्यात चांगला काळ. तेव्हा दिलंत तर चाकरमानी गणपतीला येतात तोवर प्रती हातात असतात. आमच्याकडे दीड दिवसांचा गणपती. आलेल्या पोरांना खिरापतीबरोबर एकेक पुस्तक दिलं आणि विसर्जनाला निघायच्या आत त्यांतली अर्धी खाडीवर निवटी शोधायला पळाली. ओहोटी होती, दिसल्याही.

जाताना मूळ चित्रं सोबत न्या, मोबाइलमधले फोटो नकोत. साध्या कागदाची दुमडलेली डमी करून न्या, पानांवर नंबर घालून. पीडीएफ पेनड्राइव्हवर न्या आणि एक प्रत स्वतःला मेल करून ठेवा, कारण छापखान्याच्या संगणकावर पेनड्राइव्ह कधी चालतो, कधी नाही. शक्यतो सकाळी जा. दुपारी मावशी घरी जातात, आणि बांधणीचं बोलणं त्यांच्याशीच झालेलं बरं.